भुर्जी, जाड ऑम्लेट की रश्श्यात सोडलेली अंडी?

न्याहारीला एकाच भांड्यात भाजी आणि अंडी शिजवायची आणि ती खाऊन माणसाने दुपारच्या जेवणापर्यंत निभावून न्यावे, एवढीच अपेक्षा असेल तर आपल्याकडे तीन पद्धती सहज जमण्यासारख्या आहेत : भाजी घालून केलेली भुर्जी, झाकण ठेवून मंद आचेवर केलेले जाड ऑम्लेट आणि भाजीच्या रश्श्यात फोडून सोडलेली अंडी. कोणत्याही पद्धतीने शिजवले तरी मध्यम आकाराच्या एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, त्यामुळे पौष्टिकतेच्या हिशेबाने निवड करू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. खरा फरक पडतो तो भाजीतल्या पाण्यामुळे. हे पाणी भुर्जीत आटवावे लागते, ऑम्लेट करताना अंड्यापासून दूर ठेवावे लागते आणि रश्श्यात मात्र तेच कामी येते.

भुर्जी पंधरा मिनिटांत होते, म्हणून बहुतेकांचा हात आधी तिच्याकडेच जातो. मात्र भरपूर भाजी पोटात जावी हा हेतू असेल, तर ती तिघांत कमी पडते. सहा अंड्यांना दोन कांदे, एक टोमॅटो आणि मूठ-दोन मुठी मेथी किंवा कांद्याची पात इतपत ठीक. त्यापुढे भाजी वाढवली की पाणी सुटते आणि अंडी मोकळी होण्याऐवजी लिबलिबीत होतात. शिवाय फेटलेले अंडे साधारण 73 अंश सेल्सिअसला घट्ट होते आणि त्यानंतरही आच चालू राहिली तर त्यातली प्रथिने आवळत जाऊन आतले पाणी बाहेर टाकतात. कढईच्या कडेला साचलेले पाणी पुष्कळदा भाजीचे नसून जास्त शिजलेल्या अंड्याचे असते. दाणा किंचित ओलसर असतानाच गॅस बंद करावा, म्हणजे भांड्याच्या उष्णतेवर उरलेले काम होते. भुर्जी पोळीबरोबर किंवा पावाबरोबर चांगली लागते. ज्वारीच्या भाकरीच्या घासात मात्र ती नीट धरत नाही आणि कोरडीही वाटते.

जाड ऑम्लेटमध्ये भाजी सर्वांत जास्त मावते. सहा अंड्यांना अर्धा किलोपर्यंत बटाटा, फ्लॉवर, गाजर किंवा ढोबळी मिरची खुशाल घालता येते, परंतु ती आधी त्याच भांड्यात मीठ घालून पाणी आटेपर्यंत परतावी, थोडी निवू द्यावी आणि मगच फेटलेल्या अंड्यांत मिसळावी. गरम भाजी तशीच ओतली तर अंडे मिसळतानाच गुठळ्या धरते. त्यानंतर मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे झाकण ठेवावे आणि झाकणाला आतून जमणारी वाफ एकदा पुसून घ्यावी, नाहीतर वरचा थर ओला राहतो. उलटवण्यासाठी ताटाचा आधार घ्यावाच लागतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात अर्धे ऑम्लेट ताटात आणि अर्धे ओट्यावर आले होते. फोडी करून डब्यात नेता येते हा या पद्धतीचा मोठा गुण मानला जातो, आणि हिवाळ्यात तो खराही आहे. मात्र मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा शिजवलेले अंडे तासाभराहून अधिक काळ बाहेर ठेवणे योग्य नाही, म्हणजे डब्याचा मुद्दा नेमका उन्हाळ्यात बाद होतो.

भाकर खाणाऱ्या घरासाठी माझा कौल रश्श्याला आहे. पारशी घरांत जवळजवळ कोणत्याही भाजीवर अंडी फोडून घालण्याची जी पद्धत आहे, तीच आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यालाही उत्तम लागू पडते. चौघांसाठी दोन-तीन कांदे, आले-लसूण, अर्धा किलो टोमॅटो आणि दोडका, दुधी किंवा वांगे यांपैकी घरात असेल ते करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलावर परतून, मसाला आणि पाणी घालून मऊ शिजवावे. रस्सा पातळ वाटला तर चमचाभर येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ) पाण्यात कालवून लावावे, कारण रस्सा दाट असला तरच अंडे पसरत नाही. मग पळीच्या पाठीने खळगे करून, प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून त्यात अलगद सोडावे, झाकण ठेवावे आणि ढवळू नये. पाच-सहा मिनिटांत पांढरा भाग धरतो व बलक मऊ राहतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी बलकही पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबावे. या पद्धतीची मला सर्वांत मोठी वाटणारी सोय अशी, की रस्सा रात्रीच करून थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवता येतो आणि सकाळी जो जसा उठेल तशी त्याच्यापुरती अंडी सोडता येतात. भुर्जी थंड झाली की चिवट होते आणि ऑम्लेट तर एकदमच करावे लागते, त्यामुळे एक जण सहाला शेतावर जाणारा आणि दुसरा नऊला उठणारा असेल, तर इतर दोन पर्यायांचा विचारही करू नये.

भांड्याची निवडही पाण्याशी आणि आंबटपणाशी निगडित आहे. टोमॅटोचा रस्सा लोखंडी कढईत शिजवायला हरकत नाही, उलट थोडे लोह अन्नात उतरते. पण तो त्यातच ठेवून दिला तर काळा पडतो आणि लोखंडाची चव लागते, म्हणून रात्री करून ठेवायचा असल्यास जाड बुडाचे स्टीलचे भांडे बरे. ऑम्लेटला चांगला मुरलेला बिडाचा तवा किंवा नॉनस्टिक पॅन हवा. भुर्जी कशातही होते, मात्र पातळ जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, कढईत ती बुडाला धरते.

ज्या घरात कोणी माळकरी असेल तिथे अंड्याचे भांडे बहुधा वेगळेच असते, आणि तेवढे एकच भांडे पुरणे ही तिन्ही पद्धतींची समान जमेची बाजू आहे.

घासण्याचा विचारही निवडीत धरावा, कारण 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरसारख्या भागात दोन तांबे पाणी वाचणे ही किरकोळ गोष्ट नाही. या बाबतीत भुर्जीचे भांडे सर्वांत त्रासाचे आणि रश्श्याचे सर्वांत सोपे. भुर्जीच करायची असेल, तर कढई निवल्यावर तळाला चिकटलेल्या अंड्यावर गरम पाणी ओतू नये, त्याने तो थर आणखी घट्ट बसतो. वाटीभर थंड पाणी घालून न्याहारी होईपर्यंत कढई तशीच राहू द्यावी.