आरओ की यूव्ही?

कांदिवलीत नव्या घरी गेलेल्या मावसबहिणीला दुकानदाराने पिण्याच्या पाण्यासाठी आरओ प्युरिफायरच घ्यायला सांगितलंय. आधी पाणी कुठून येतं ते बघ, म्हटलं.

पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, म्हणजे पावसाचं. ते मुळातच मऊ, क्षार कमी. आरओचं खरं काम क्षार काढणं, तेव्हा इथे त्याला फारसं कामच नाही. वर घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर सहज वाया घालवतो. पाणी ठरावीक वेळच येणाऱ्या इमारतीत हे परवडेल? (ते पाणी लादी पुसायला वापरा म्हणतात, रोज किती लादी पुसणार!)

जुनी पाइपलाइन, गच्चीवरची टाकी, पावसाळ्यातला गढूळपणा, आपली भीती जंतूंची. त्याला यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा प्युरिफायर पुरतो, फक्त आधी गाळणी हवी. गढूळ पाण्यात किरण नीट पोचत नाहीत. वीज दोघांनाही लागते. देखभाल आरओची महाग, मेम्ब्रेनमुळे, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यामुळे.

बोअरवेल किंवा टँकरवरच्या सोसायटीचं गणित वेगळं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर आकडा ५०० च्या वर गेला तर आरओ घ्यावा. गीझरमधला पांढरा थर मात्र त्याने जाणार नाही, आरओ फक्त पिण्याच्या पाण्याला; थरासाठी पाणी मऊ करणारा सॉफ्टनर लागतो. पालिकेच्या नळाला गाळणीसकट यूव्ही घ्या. भाड्याच्या खोलीत उकळून गाळलेलंही चालेल.