क्लाउडवर जाऊन बरेच महिने झाले: बिल, बॅकअप आणि बाकीचं

क्लाउडमुळे, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने वापरल्यामुळे, खर्च वाचतो हे इतक्या वेळा ऐकलं होतं, की सुरुवात तिथूनच करतो. आमचा वाचलेला नाही. छोटी कंपनी आहे. ऑर्डरची सिस्टिम, हिशेब, फाइल्स, वेबसाइट असं सगळं क्लाउडवर हलवून आता बरेच महिने झाले. पूर्वी काही वर्षांतून एकदा सर्व्हरसाठी मोठी रक्कम काढायचो, आता दर महिन्याला बिल येतं. बेरीज जवळपास तीच. तरीही पुन्हा ऑफिसात सर्व्हर आणायचा विषय कुणी काढत नाही.

कारण फरक पडला तो निर्णय घेण्यात. स्वतःचा सर्व्हर घ्यायचा म्हणजे पुढच्या काही वर्षांत काम किती वाढेल याचा अंदाज आजच बांधायचा. छोटा घेतला तर ऐन गर्दीत सगळं अडकतं, म्हणून भीतीपोटी सगळे मोठाच घेतात आणि तो वर्षभर निम्मा रिकामा चालतो. आता ऑर्डर वाढल्या की मशीन मोठं करतो, ओसरल्या की लहान. नवं सॉफ्टवेअर बघायचं असेल तर सकाळी मशीन उभं करायचं, नाही पटलं तर संध्याकाळी काढून टाकायचं. पैसे तेवढ्या तासांचे. पूर्वी कोटेशन, मंजुरी, डिलिव्हरी यांत आठवडे जायचे, त्यामुळे असले प्रयोग कुणी सुचवायचंच नाही. घेतलेला निर्णय स्वस्तात मागे घेता येणं, माझ्या लेखी धंद्याला क्लाउडचा हाच सगळ्यांत मोठा फायदा.

यामागचं तंत्र जुनंच आहे. एका यंत्राचे आभासी तुकडे करून ते अनेकांना वापरायला देणं आयबीएमने १९६०च्या दशकातच मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, केलं होतं. टेलिफोनसारखी संगणकसेवाही सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल, असं संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली बोलून दाखवलं होतं. पण कार्ड टाकून कुणालाही तासावर सर्व्हर घेता येणं सुरू झालं ते २००६मध्ये, ॲमेझॉनने एस३ (फाइल्स ठेवायची सेवा) आणि ईसी२ (भाड्याचे सर्व्हर) आणल्यावर.

आम्ही सगळं एका प्रकारे हलवलं नाही. ईमेल आणि हिशेबाला तयार सॉफ्टवेअर घेतलं, महिन्याला माणशी पैसे. ऑर्डरची सिस्टिम आमची स्वतःची, म्हणून तिला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे वर सांगितलेला आभासी तुकडा. डेटाबेस मात्र मॅनेज्ड घेतला, म्हणजे पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या), बॅकअप, बंद पडल्यावर दुसऱ्या मशीनवर नेणं हे सगळं प्रोव्हायडर, म्हणजे क्लाउड पुरवणारी कंपनी, बघतो. असा डेटाबेस साध्या मशीनपेक्षा महाग पडतो, पण संपूर्ण बिलात सर्वांत वसूल झालेली ओळ तीच. कालच्या ठरावीक वेळेला डेटा जसा होता तसा परत उभा करता येतो; ही सोय आम्हाला ऑफिसातल्या सर्व्हरवर कधी जमली नव्हती.

आता बिल. पहिल्या महिन्यात ते वाचायला वेगळा वेळ काढावा लागतो, हे आधी कुणी सांगत नाही. मशीन बंद केलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. डेटा आत आणायला बहुधा पैसे लागत नाहीत, बाहेर न्यायला लागतात. साइटवर मोठे फोटो आणि व्हिडिओ असतील तर ही ओळ फुगते. गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२४मध्ये कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ केलं, रोजच्या वापराला ते अजून आहेच. बजेटचा अलर्ट लावावाच, पण तो फक्त कळवतो. खर्च आपोआप थांबवत नाही. प्रत्येक मशीनला आणि डिस्कला कुठल्या कामाची ते सांगणारा टॅग (नावाची चिठ्ठी) लावण्याचा नियम केला, तेव्हा कुठे बिल समजायला लागलं.

एक किंवा तीन वर्षांचा करार केला तर दर बराच उतरतो. पण मग पुन्हा तोच अंदाज बांधणं आलं. म्हणून वर्षभर चालणाऱ्या किमान मशीनपुरता एक वर्षाचा करार, बाकीचं तासावर.

भरवशाचं गणित स्वतः करून बघा. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील अशी हमी म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम ५३ मिनिटं. त्याहून जास्त बंद राहिलं तर भरपाई मिळते ती बिलातल्या सवलतीची, बुडालेल्या ऑर्डरची कुणी देत नाही. २०१७च्या फेब्रुवारीत एका चुकीच्या कमांडमुळे ॲमेझॉनचं एस३ एका रिजनमध्ये, म्हणजे एका भागातल्या डेटा सेंटरांच्या (सर्व्हर ठेवायच्या इमारतींच्या) गटात, काही तास कोलमडलं आणि असंख्य साइट्स अडल्या. मार्च २०२१मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. ज्यांची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती, त्यांचा डेटा गेला. आमची एक प्रत दुसऱ्या रिजनमध्ये आणि एक पूर्ण वेगळ्या प्रोव्हायडरकडे असते, आणि ती अधूनमधून उघडून पाहतो. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

इमारत, वीज, हार्डवेअर प्रोव्हायडरचं. पासवर्ड आणि परवानग्या आपल्या. स्टोरेज चुकून सगळ्यांना खुलं राहिलं तर प्रोव्हायडर हात वर करणार, आणि करारानुसार ते बरोबरच असतं. दोन टप्प्यांचं लॉगिन पहिल्याच दिवशी सक्तीचं करा, कुरकुर होऊ द्या.

इंटरनेट गेलं की ऑफिस ठप्प, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेतली. तोही खर्च क्लाउडच्याच खात्यात धरतो. सपोर्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही: स्वस्त प्लॅनवर उत्तर येतं, सावकाश.

कुणी घेऊ नये? ज्यांचं काम बाराही महिने सारखं आणि भरपूर आहे, त्यांनी आधी आकडे मांडावेत. फाइल्स साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सने आपला बहुतेक डेटा स्वतःच्या यंत्रणेवर नेला, ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं. उलट नेटफ्लिक्सने २०१६मध्ये स्ट्रीमिंगसाठीची आपली शेवटची डेटा सेंटरंही बंद करून क्लाउड धरला. आमचं काम ऑर्डरबरोबर वरखाली होतं, तेव्हा करार संपल्यावर तो वाढवू, पण पुन्हा एकाच वर्षाचा.