चेल्सी मार्केट: वर्षभराच्या फेऱ्यांनंतर

न्यूयॉर्कला येणाऱ्या आपल्या पाहुण्यांच्या यादीत चेल्सी मार्केट असतंच, आणि बहुतेक जण तिथे शनिवारी भर दुपारी जेवायला जातात. वैतागून परत येतात. माझं ऑफिस तिथून जवळ आलं त्याला वर्ष होऊन गेलं. संध्याकाळी जर्सी सिटीची पाथ (न्यूयॉर्क-न्यू जर्सी लोकल) पकडायच्या आधी आत एक चक्कर होतेच. एवढ्या फेऱ्यांनंतर माझं मत असं झालंय की ही जागा जेवायला बरी आहे, बाजारहाट करायला मात्र फर्स्टक्लास.

इमारतीबद्दल थोडं. नववा आणि दहावा अव्हेन्यू, पंधरावी आणि सोळावी स्ट्रीट यांच्यामधला हा अख्खा ब्लॉक म्हणजे नाबिस्कोचा जुना बिस्किटांचा कारखाना. ओरिओ 1912 मध्ये इथेच पहिल्यांदा बनलं. पंधराव्या स्ट्रीटच्या तेवढ्या तुकड्याला ‘ओरिओ वे’ असं नावही दिलंय. पुढे कंपनीने 1958 मध्ये न्यू जर्सीत फेअर लॉनला नवा कारखाना काढला (तोही 2021 मध्ये बंद झाला). ही इमारत नव्वदच्या दशकात अर्विन कोहेन या बिल्डरने घेतली आणि 1997 मध्ये तळमजल्यावर मार्केट सुरू झालं, वर ऑफिसं. 2018 मध्ये गुगलने ती 2.4 अब्ज डॉलरला विकत घेतली.

कोहेनने जुनं काही झाकलं नाही, हे मला आवडतं. उघड्या विटा, लोखंडी खांब, डोक्यावरून गेलेले पाइप, आणि मध्येच एका जाड नळातून धो धो पडणारं पाणी. बाबा आले होते तेव्हा दुकानांकडे बघेचनात. करी रोडला वाढलेला माणूस, आजोबा गिरणीत. वर बघत म्हणाले, “इथे शाफ्ट असणार. आणि भट्टी कुठे होती रे?” मला काय माहीत! मग म्हणाले, “आपल्याकडे चिमणी तेवढी ठेवली, बाकी मॉल.” लोअर परळच्या फिनिक्सबद्दल ते गेली वीस वर्षं हेच बोलतात, पण इथे त्यांच्या म्हणण्यात दम होता.

आता खाणं. लॉस टाकोस नंबर वनची रांग बघून पळू नका, ती भराभर सरकते. आधी कॅशियरकडे पैसे भरायचे, मग पावती घेऊन टॅकोवाल्यासमोर उभं राहायचं. मक्याची पोळी समोर दाबून तव्यावर टाकतात. शाकाहारी असाल तर नोपाल मागा, म्हणजे निवडुंगाचं पान. भाजलेलं असतं, वर वितळलेलं चीज. किंचित बुळबुळीतपणा राहतोच, पण भेंडी खाणाऱ्या माणसाला त्याचं काय! सोबत हामाइका घ्या, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे. बसायला जागा नाही, उभ्यानेच खायचं. मिझनोन या इस्रायली खाणावळीतला अख्खा भाजलेला फ्लॉवरही आईने आवडीने खाल्ला, म्हणजे पास.

बाकी बरंचसं महाग आणि गर्दीवर चालणारं. एका दुकानात (नाव घेत नाही) नूडल्स कोमट आल्या, आणि पैसे देताना स्क्रीनवर टिपचे आकडे अठरा टक्क्यांपासून सुरू. मी स्वतः ट्रे उचलून नेतोय, टिप कसली? त्यात शिजवलेल्या अन्नावर 8.875 टक्के सेल्स टॅक्स. चौघं जेवायला गेलात की पाटीवरची किंमत आणि बिल यांचा मेळ लागत नाही.

म्हणून मी सांगतो बाजार करा. कच्च्या मालावर तो टॅक्स नाही. लॉबस्टर प्लेसमध्ये पर्यटक लाल लॉबस्टर फोडत बसलेले असतात, त्यांना वळसा घालून बर्फावर मांडलेल्या माशांच्या काउंटरला जा. पापलेटचा नाद सोडा. स्पॅनिश मॅकरेल दिसलं तर घ्या, ते आपल्या सुरमईच्याच जातकुळीतलं. उन्हाळ्यात चांगलं येतं. अख्खा मासा निवडा, डोळे बघा, कल्ला उचलून दाखवायला सांगा. खवले काढून, पोट साफ करून देतात. नुसतं ‘साफ करा’ म्हटलंत तर काटे काढून फिलेट हातात पडेल. आडव्या तुकड्या हव्यात हे हाताने दाखवून सांगायचं, किती जाड तेही. आणि डोकं टाकू नका, हे आधी बजावायचं. पहिल्यांदा काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, आता मी दिसलो की तोच विचारतो, “हेड?” त्या डोक्याचं आमसूल घालून केलेलं कालवण ही माझी शुक्रवारची सोय.

भाजी-फळांना मॅनहॅटन फ्रूट एक्स्चेंज, पास्ता-चीजला बुऑन इतालिया. एमीज ब्रेडचा पाव संध्याकाळी उरलाच तर घ्या, सकाळी जास्त चांगला. लिलॅकची चॉकलेटं भेट द्यायला ठीक. दुकान 1923 पासूनचं आहे, भावही तसेच तोऱ्यात.

वेळ म्हणाल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी. शनिवार-रविवारी मधल्या बोळात स्ट्रोलर आणि सेल्फीवाल्यांतून वाट काढता काढता जीव जातो. जेवण घेतलंत तर आत जागा शोधत फिरू नका. बाहेर पडून सोळाव्या स्ट्रीटपाशी हाय लाइनवर चढा. एके काळी याच वरच्या रुळांवरून मालगाड्या थेट कारखान्यात शिरायच्या. 2009 पासून तिथे बाग आहे आणि ती अजूनही इमारतीच्या पोटातूनच जाते. बाकं भरलेली असली तर थोडं पुढे, सतराव्या स्ट्रीटला, पायऱ्यांवर बसून काचेतून खालची ट्रॅफिक बघत खाता येतं. थंडीत मात्र हा बेत विसरा.

जर्सीहून येणाऱ्यांनी पाथने चौदाव्या स्ट्रीटला उतरायचं आणि पश्चिमेकडे चालत सुटायचं, दहा-पंधरा मिनिटं लागतात. मासे घेणार असाल तर जाड पिशवी घरून न्या आणि काउंटरवर जादा बर्फ मागा, देतात. परतीच्या गर्दीत शेजारच्याच्या मांडीवर पाणी ठिबकणार नाही एवढं बघा.