'अजूबा'च्या ब्लू-रेपायी मला ७,८९८ रुपयांचा चुना लागला

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या, माझी बायको तीन महिन्यापासून हसतेच आहे. गावात माझं झेरॉक्सचं अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या पुढं. पीक विमा, सातबारा, लाडक्या बहिणीचे फॉर्म, पोट्ट्यांची स्कॉलरशिप, सगळं माझ्याकडेच येते. भिंतीवर मीच मार्करनं लिहून लावलंय, 'ओटीपी अन् पिन कोणालाही सांगू नका'. त्या कागदाच्या बरोबर खाली बसून मी फसलो.

आता पिक्चरचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय माझा येडेपणा समजणार नाही. अजूबा, १९९१ चा. शशी कपूरनं डायरेक्ट केलेला एकच पिक्चर, सोबतीला रशियाचा गेनाडी वासिल्येव, भारत अन् सोव्हिएत युनियन दोघांनी मिळून काढलेला. बच्चन काळा मुखवटा लावून, बहारिस्तान नावाचा देश, अमरीश पुरी वजीर, ऋषी कपूर, डिंपल, शम्मी कपूर, दारा सिंग, अन् हिरोची आई कोण तर डॉल्फिन. हो, डॉल्फिन. लहानपणी तिनं त्याला समुद्रातून वाचवलं म्हणून तो तिला माँ म्हणते. आपल्याकडं सुपरहिरो म्हटलं की लोक मिस्टर इंडिया म्हणतात नाहीतर क्रिश म्हणतात, अजूबाचं नाव घेतलं की हसतात. हसू द्या. पिक्चर पडला तेव्हा, शशी कपूरचा लय पैसा बुडाला त्यात, पण माझ्यासाठी तो आजही नंबर एक आहे.

मी तो पहिल्यांदा तान्ह्या पोळ्याच्या रात्री पाहिला, चौथीत होतो. चंदा करून कलर टीव्ही अन् व्हीसीआर भाड्यानं आणला होता, रातभर चार पिक्चर, अजूबा तिसरा. म्हणजे लागला तेव्हा रात्रीचे दोन, अर्धे लोक तिथंच झोपलेले, माझी आई मात्र जागी. डॉल्फिन आली तर ती म्हणे, "अवं मासोयी कशी काय माय राहीन?" अन् दहा मिनिटांनी तीच पदर तोंडाला लावून बसली. शेवटी तो राक्षस उठायच्या टायमाला कॅसेट गुंतली. व्हिडिओवाल्यानं उघडून, पेन्सिलनं फिरवून पुन्हा लावली तर वरून खाली नुसत्या पांढऱ्या रेघा. अन् मुख्य गोष्ट म्हणजे रात्रीच्या सीनमध्ये काळा अंधार, काळे कपडे, काळा मुखवटा, त्यामुळं बच्चन दिसलाच नाही, फक्त आवाज आला. मी चार दिवस पोट्ट्यांना सांगत होतो का अजूबा गायब होते म्हणून.

मग व्हीसीडी आली, तीही घेतली. व्हीसीडीचं चित्र म्हणजे ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, अंधारात सगळे चौकोनी ठोकळे दिसते, जसं कोणी चिखलात फरशा लावून ठेवल्या. डीव्हीडी जरा बरी, ७२० बाय ५७६, पण रंग धुतलेल्या धोतरासारखा. आता घरी ४३ इंची टीव्ही आहे, त्याच्यावर लावलं तर डॉल्फिन कोणती अन् भोपळा कोणता समजत नाही. बच्चन साहेब ८० वर्षांचे झाले तेव्हा २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांचे जुने पिक्चर पुन्हा थिएटरात लावले होते, डॉन, दीवार, अमर अकबर अँथनी, अभिमान. मी यादी दोनदा वाचली. अजूबा नाही.

तर मी एका जुन्या पिक्चरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात लांबलचक मेसेज टाकला, का बाबा हा पिक्चर रशियासोबत काढलेला आहे, तिकडं तो वेगळ्या नावानं लागला होता, तर तिकडच्या स्टुडिओत चांगली प्रिंट ठेवलेली असणार, तिच्यावरून कोणी साफ करून ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची लय साफ चित्राची डिस्क, का काढत नाही, मला बाकी काही नको, फक्त काळा रंग काळा दिसला पाहिजे, अंधारातला बच्चन दिसला पाहिजे. हे माझे शब्द ध्यानात ठेवा.

चार दिवसांनी एका नंबरवरून मेसेज आला. फोटोत फिल्मची रिळं. "दादा, तुमच्यासारखे रसिक आता राहिले नाहीत." मग म्हणे आम्ही मॉस्कोच्या निगेटिव्हवरून ४के, म्हणजे लय बारीक, स्कॅन करून अजूबाची ब्लू-रे काढतोय, फक्त २०० कॉपी, १७३ बुक झाल्या. अन् पुढचं वाक्य असं, "अंधाराच्या सीनमध्ये काळा रंग इतका खोल आलाय की बच्चनसाहेबांच्या मुखवट्याची शिवण दिसते." भाऊ, मी तर तिथंच गेलो. आता विचार करतो तेव्हा समजते, त्यानं माझाच मेसेज मला इस्त्री करून परत दिला होता. लॉटरीवाला आला असता तर मी त्याला दोन शिव्या देऊन फोन ठेवला असता. हा माझ्या मनातलं बोलत होता, शिव्या कशा देणार?

माहिती मला अजिबात नव्हती असंही नाही, उलट थोडी जास्तच होती. सेकंदाला २४ फ्रेम, पिक्चर जवळपास तीन तासाचा, म्हणजे अडीच लाखाच्या आसपास फ्रेम एकेक स्कॅन करायच्या, धूळ काढायची, ओरखडे काढायचे, रंग बसवायचे, अन् त्याच्याआधी हक्क ज्याचे आहे त्याची परवानगी. श्याम बेनेगलांचा मंथन असाच साफ करून २०२४ मध्ये कान्सला दाखवला, ते काम करायला एक अख्खी संस्था मागं उभी होती. अन् मी विश्वास कोणावर ठेवला, तर ज्याच्या नावाखाली पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, अन् जे फोन उचलत नाही फक्त व्हॉइस मेसेज टाकते अशा माणसावर. त्यानं मंथनचीच बातमी मला पाठवली होती, म्हणे "हे पाहा दादा, आपल्या देशात आता असं काम होते." बातमी खरी होती. तिच्या मागं त्यानं आपलं खोटं जोडून दिलं.

कव्हरचा फोटो पाठवला तर त्यात बच्चनच्या हातात धनुष्यासारखं ते क्रॉसबो. क्रॉसबो अजूबात नाही हो, ते बच्चनच्याच तूफान पिक्चरमधलं, १९८९ चं! मला एका सेकंदात समजलं. मी त्याला लिहिलं तर म्हणे, "वा दादा, काय नजर आहे तुमची, डिझायनर नवीन पोरगा आहे, आजच बदलतो." अन् मी खुश! चूक मी पकडली याच्यातच फुगलो, चूक झाली कशी हे विचारलंच नाही.

२,४९९ रुपये यूपीआयनं पाठवले. ज्या नावावर गेले ते नाव मेसेजवाल्याचं नव्हतं, मी विचारलं तर म्हणे अकाउंट मिसेसच्या नावावर आहे. आठ दिवसांनी म्हणे पार्सल मुंबईच्या कस्टममध्ये अडकलं, ६५० भरावे लागतील, तेही त्याच नंबरवर. कस्टमचे पैसे मिसेसच्या अकाउंटात कायले जाते? मी दुकानात रोज लोकांना असे प्रश्न विचारतो. स्वतःला नाही विचारला. भरले.

मग आला रिजनचा कार्यक्रम (रिजन म्हणजे कोणती डिस्क कोणत्या देशांच्या प्लेअरवर चालेल याची वाटणी), अन् याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. म्हणे डिस्क रशियन रिजनची आहे, तुमच्या इंडियन प्लेअरवर चालणार नाही, अनलॉक कोड घ्या, ८०० रुपये. प्लेअर मी नागपूरच्या सीताबर्डीहून सेकंडहँड आणला होता, त्याचा खर्च वेगळा, तो मी याच्यात पकडतच नाही. आता ऐका. डीव्हीडीत भारत अन् रशिया दोन्ही रिजन ५ मध्ये येते. ब्लू-रेत दोन्ही रिजन सी मध्ये. म्हणजे रशियाची डिस्क आपल्या प्लेअरले चालायला कोणताच कोड लागत नाही, शेजाऱ्याच्या आंगणातून आपल्या आंगणात यायला कोणी पासपोर्ट मागते का? हे मला नंतर दोन मिनिटात सापडलं. त्या दिवशी दोन मिनिटं काढली नाही, दुकानात गर्दी होती, ८०० पाठवून मोकळा झालो.

पार्सल आलं. खरंच आलं, म्हणून तर घोळ झाला, काहीच आलं नसतं तर मी आधीच बोंबललो असतो. फुग्याच्या प्लास्टिकात गुंडाळलेली डिस्क, वर रंगीत प्रिंटरचं स्टिकर, एका कोपऱ्यात हवेचा फोड. अन् कव्हरवर तोच तूफानवाला फोटो. पोरगा बाजूला होता, त्यानं उलटी केली अन् म्हणे, "बाबा, खालून जांभळी काऊन आहे?"

हे प्रत्येकानं ध्यानात ठेवा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी खालून चांदीसारखी राहते. घरी कॉम्प्युटरवर बर्न केलेली, म्हणजे कोऱ्या डिस्कवर उतरवलेली, बहुतेक जांभळट दिसते. छापलेल्या डिस्कच्या मधल्या गोलाजवळ उजेडात धरलं तर बारीक कोरलेले नंबर, बारकोड दिसते. माझीवर तिथं बर्न करायच्या कोऱ्या डिस्कवर राहते तसं ४.७ जीबी लिहिलेलं होतं. ब्लू-रे सिंगल लेअरची २५ जीबी राहते, डबलची ५०. म्हणजे ही ब्लू-रे नव्हतीच, साधी कोरी डीव्हीडी होती, थोकमध्ये वीस-पंचवीस रुपयाची.

तरी लावून पाहिली. चित्र काय, इंटरनेटवरचं उतरवून ताणलेलं, उजव्या कोपऱ्यात कोणत्यातरी चॅनलचा लोगो पुसून तिथं धुकट गोळा, जिथं बच्चनचं डोकं त्या कोपऱ्यात गेलं तिथं डोकंही धुकट. अन् अंधाराचे सीन? तेच चौकोनी ठोकळे. आई खाटेवरून पाहत होती, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिनं विचारलं, "माह्या डोयाचं पुन्हा काही झालं का रे?"

इथंच थांबलो असतो तर ३,९४९ वर भागलं असतं. पण मला राग आला. मी त्याला लिहिलं का पैसे वापस कर नाहीतर तक्रार करतो. तो एकदम नरम, म्हणे सॉरी दादा, चुकीची डिस्क गेली, आमच्या रिफंडवाल्याचा फोन येईल. अर्ध्या तासात फोन आला, बाईचा, लय गोड बोलणं, म्हणे सर तुमचे ३,९४९ मंजूर झाले, क्यूआर पाठवते तो स्कॅन करा अन् पिन टाका का पैसे जमा.

तेव्हा दुकानात एक आजी बसली होती, बँकेचं काम होतं तिचं. मी तिला म्हणत होतो, "आजी, पिन कोणाले सांगायचा नाही बरं, पैसे येताना पिन लागत नाही." हे म्हणता म्हणता दुसऱ्या मोबाइलवरून तो क्यूआर स्कॅन केला अन् पिन टाकला. शपथ घेऊन सांगतो. तोंड एक बोलत होतं, बोट दुसरं करत होतं. मेसेज आला, ३,९४९ डेबिट. आजी म्हणे, "काय झालं बाबू, चेहरा काऊन उतरला?" मी म्हटलं काही नाही आजी, नेट गेलं.

एकूण ७,८९८. त्या हंगामात, २०२४-२५ चं, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलले ७,५२१ होता. म्हणजे एका क्विंटलच्या वर कापूस मी एका जांभळ्या डिस्कवर घालवला, अन् वेचायची मजुरी वेगळी.

पुढची चूक तर याच्यापेक्षा मोठी, मी तीन दिवस गप्प बसलो. गावात ऑनलाइनवाला मीच, मीच फसलो म्हटलं तर उद्या फॉर्म भरायला कोण येईल? सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर मला पाठ आहे, दुकानाच्या भिंतीवरही आहे, तरी लावला नाही. तो लवकर लावला तर पैसा पुढच्या अकाउंटात अडवून धरायचा चान्स राहते. तीन दिवसांनी लावला तोवर पैसे तिथून केव्हाच निघून गेले होते. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा नंबर राहते तो), सगळं जोडलं, बँकेत अर्ज दिला. अजून तरी एक रुपया आला नाही. अन् तुमच्यापैकी कोणाले 'पैसे वसूल करून देतो, थोडी फी लागेल' असा फोन आला तर तोही त्याच जातीचा समजा, मला दोन येऊन गेले.

बायकोचा एकच प्रश्न आहे, म्हणे खरी ब्लू-रे आली असती तर ती तरी कायदेशीर होती का? याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं तेव्हा. ज्याच्याजवळ हक्क नाही तो २०० कॉपी विकते म्हणजे चोरीचाच माल, अन् मी तो घ्यायला २,४९९ देऊन बसलो होतो, ही गोष्ट मी स्वतःपासून लपवली होती.

ठाण्यात गेलो तेव्हा हवालदार साहेबांनी अर्ज वाचला. पन्नाशीचा माणूस, चष्मा नाकावर. एका जागी थांबले अन् वर पाहून म्हणे, "कोणता पिक्चर म्हणता?"

म्हटलं, अजूबा.

"तो मासोयीवाला?"

म्हटलं, हो साहेब, डॉल्फिन.

ते जरा वेळ काहीच बोलले नाही, शिक्का मारला, पोच दिली. मी दारापर्यंत आलो तर मागून आवाज आला, "ओ भाऊ, चांगली कॉपी कुठं भेटली तर सांगजा, आमच्या गावात व्हीसीआर बंद पडला होता, शेवट पाहाचा राह्यला माहा."