जुनी ऑटोमॅटिक गिअर टाकताना अडखळतेय: सर्व्हिस सेंटर की गिअरबॉक्सवाला मिस्त्री?

गाडी दहा-पंधरा वर्षांची झालीय, ऑटोमॅटिक आहे आणि गिअर पडताना काहीतरी बिनसलंय. कधी आरपीएम उगाच चढतो, कधी सिग्नलला ‘डी’ टाकल्यावर झटका बसतो, कधी वरचा गिअर पडतच नाही. अशा वेळी नेमकं काय बिघडलंय ते शोधून घ्यायला दोन पर्याय उरतात. एक कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, दुसरा फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करणारा बाहेरचा मिस्त्री. कोपऱ्यावरचा नेहमीचा गॅरेजवाला मी यात धरत नाही. तो ब्रेक, सस्पेन्शन झकास करतो, पण ऑटोमॅटिक म्हटलं की बॉनेट उघडायच्या आधीच "साहेब, बॉक्स गेला" म्हणतो.

माझ्या २००९ च्या, चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनाची ताकद क्लचऐवजी ऑईलमधून गिअरबॉक्सला पोहोचवणाऱ्या) सेडानसाठी मी दोन्ही ठिकाणी जाऊन आलोय. त्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरबद्दल आहे. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल बॉक्सच, वर फक्त क्लच दाबणारी आणि गिअर टाकणारी यंत्रणा बसवलेली. तिचं निदान वेगळं आणि बरंच सोपं. सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुली) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचवाला बॉक्स) यांवर नंतर येतो.

सर्व्हिस सेंटरच्या बाजूनं बोलायचं तर बरंच आहे. त्यांच्याकडे कंपनीचा स्वतःचा स्कॅनर असतो. तो गिअरबॉक्सच्या कंट्रोलरशी पूर्ण बोलतो, सोलेनॉइड (ऑईलची वाट उघड-बंद करणारे विजेचे वॉल्व्ह) एकेक चालू-बंद करून बघू शकतो आणि काम झाल्यावर गिअर टाकण्याचं ‘लर्निंग’, म्हणजे कंट्रोलरनं चालवता चालवता शिकलेल्या सवयी, रीसेट करतो. कंपनीनं त्या मॉडेलसाठी काही तांत्रिक सूचना काढलेली असेल तर ती त्यांना दिसते. आणि ऑईल. ऑटोमॅटिकमध्ये ऑईल चुकीचं गेलं तर बाकीची हुशारी वाया जाते. टोयोटाचं टी-फोर वेगळं आणि डब्ल्यूएस वेगळं, होंडाचं आधी झेड-वन होतं त्याच्या जागी डीडब्ल्यू-वन आलं, जुन्या ह्युंदाईंना एसपी-थ्री लागतं. सर्व्हिस सेंटरमध्ये निदान डबा तरी बरोबर आणि सीलबंद निघतो.

एवढं असूनही माझं मन तिथून का उठलं, ते जरा सविस्तर सांगतो.

माझ्या गाडीचा दोष असा होता: सकाळी गाडी थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम मोकळा सुटल्यासारखा वर जायचा आणि मग धप्प करून गिअर पडायचा. थंडीच्या दिवसांत जास्त. सिंहगड रोडवरून स्वारगेटला पोहोचेपर्यंत गाडी गरम व्हायची आणि मग दिवसभर अगदी शहाण्यासारखी चालायची. म्हणजे दोष दिसायची वेळ सकाळची पहिली काही मिनिटं, बस्स.

सर्व्हिस सेंटरमध्ये हे मी अ‍ॅडव्हायझरला समजावून सांगितलं. मुलगा नम्र होता, मान डोलावत होता. जॉब कार्डवर त्यानं लिहिलं: ‘गिअर प्रॉब्लेम, चेक अँड रिपोर्ट’. थंडी, सकाळ, दुसरा-तिसरा, सगळं त्या पाच शब्दांत विरघळलं. मी म्हटलं, मेकॅनिकशी बोलतो. तर वर्कशॉपमध्ये कस्टमरला प्रवेश नाही. गाडी रात्री इथंच ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना मला बोलवा, असंही सुचवलं. "नक्की सर, नोट करतो." दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला: टेस्ट ड्राइव्ह घेतली, प्रॉब्लेम आढळला नाही, स्कॅनरवर कोड नाही, तरीही गाडी जुनी असल्यानं वॉल्व्ह बॉडी (ऑईल वेगवेगळ्या गिअरकडे वळवणारा भाग) किंवा पूर्ण असेंब्ली बदलण्याचा सल्ला. दोष दिसला नाही, पण उपाय तयार! एस्टिमेटचा आकडा गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या आसपास घुटमळत होता.

यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. रचनाच तशी आहे. ज्याला गिअरबॉक्स कळतो तो आत, ज्याला दोष माहीत आहे तो सोफ्यावर, आणि मध्ये जॉब कार्ड. तेलपाणी, ब्रेकपॅड अशा कामांना याचा काही त्रास नाही. पण गिअर अडखळण्याचा दोष बऱ्याचदा ठरावीक तापमानाला, ठरावीक वेगाला, पाय ठरावीक दाबलेला असतानाच येतो. त्या क्षणी जाणकार माणूस शेजारी बसलेला नसेल तर महागडा स्कॅनरही मुकाच राहतो. सगळी सर्व्हिस सेंटर्स अशीच असतील असं नाही. काही जुन्या, लहान गावांतल्या डीलरांकडे अजून फोरमन स्वतः बाहेर येऊन चावी घेतो, असं मित्रांकडून ऐकलंय. मला तसा भेटला नाही.

गिअरबॉक्सवाल्या मिस्त्रींनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा: "थंड असताना करते की गरम झाल्यावर?" दुसरा: "चढावर जास्त की सपाटीला?" मग म्हणाले, "संध्याकाळी आणून ठेवा साहेब, सकाळी सातला या, दोघं फिरून येऊ." माझा निम्मा निर्णय तिथंच झाला.

सकाळी लगेच गाडी काढली मात्र नाही. आधी बॉनेट उघडून मला ब्रेक दाबून ‘डी’ आणि ‘आर’ आलटून पालटून टाकायला लावलं आणि ते इंजिनाकडे बघत उभे राहिले. गंमत अशी की गिअरबॉक्सचा म्हणून येणारा झटका कित्येकदा फाटलेल्या इंजिन माउंटिंगचा असतो. इंजिन जागेवरून उडी मारतं आणि आपण बॉक्सला शिव्या घालतो. ‘एन’मधून ‘डी’ टाकल्यापासून गिअर धरेपर्यंतचा वेळही त्यांनी मोजला. टोयोटाच्या जुन्या मॅन्युअलांत हा वेळ ‘डी’ला १.२ सेकंदांच्या आत आणि ‘आर’ला १.५ सेकंदांच्या आत असावा असं दिलेलं असतं. उशीर लागला तर ऑईलचं प्रेशर कमी किंवा आतल्या क्लचच्या प्लेट झिजलेल्या. ब्रेक दाबून पूर्ण रेस द्यायची स्टॉल टेस्टही असते, पण ती पाच सेकंदांपेक्षा जास्त कधीच नाही, आणि घरी तर मुळीच करू नका.

मग गाडी चालवली. मी स्टिअरिंगवर, ते शेजारी, मांडीवर स्कॅनर. दोन सिग्नल झाले आणि आरपीएम चढला. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं: कंट्रोलरनं तिसऱ्या गिअरचा आदेश वेळेवर दिला होता, गाडीच खालून उशिरा धरत होती. म्हणजे सेन्सर-वायरिंगकडचा संशय कमी, ऑईल-प्रेशरकडचा वाढला.

परत आल्यावर, गाडी पूर्ण गरम असताना डिपस्टिक. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बहुतेक गाड्यांत ऑटोमॅटिकचं ऑईल इंजिन चालू ठेवून ‘पी’मध्ये बघतात, पण होंडाच्या डिपस्टिकवाल्या बॉक्समध्ये गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. चुकीच्या पद्धतीनं बघितलं की लेव्हल चुकीची दिसते आणि कुणीतरी उगाच ऑईल ओततं. माझ्या डिपस्टिकचा थेंब त्यांनी पांढऱ्या टिश्यूवर टेकवला. लाल ऑईल चहासारखं तपकिरी झालेलं, पण जळका वास नव्हता. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप होता, चकचकीत तुकडे नव्हते. "लेप चालतो. तुकडे असते तर मीच बॉक्स उतरवायला सांगितलं असतं," ते म्हणाले. मग पॅन उघडून फिल्टर, तिसऱ्या गिअरचा अडकणारा सोलेनॉइड आणि ऑईल. ऑईल एका दमात सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काढायचं, भरायचं, काही दिवस चालवून पुन्हा काढायचं. मशीन लावून प्रेशरनं फ्लश करायला त्यांनी जुन्या बॉक्ससाठी सरळ नकार दिला. यावर जाणकारांत दोन मतं आहेत, मला त्यांचं पटलं इतकंच.

आता मिस्त्रीच्या उण्या बाजूही आहेतच. बिल हातानं लिहिलेलं, वॉरंटी तोंडी. कंपनीचा सॉफ्टवेअर अपडेट त्यांच्याकडे होणार नाही. सुटा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या वापरलेल्या मालातून येतोय की नवा, हे विचारून घ्यावं लागतं. जुना असला तरी हरकत नसते, पण माहीत असावं. आणि सगळ्यात मोठा धोका ड्रममधल्या ‘सगळ्यांना चालणाऱ्या’ ऑईलचा. शिवाय या नावाखाली बसलेले सगळेच जाणकार नसतात. गाडी न चालवता फोनवर ओव्हरहॉलचा भाव सांगणारा असेल तर तो सर्व्हिस सेंटरपेक्षा काही वेगळा नाही, फक्त स्वस्त आहे.

स्वतःचा स्कॅनर हवा का? मोबाईलशी जोडणारा ईएलएम ३२७ जातीचा डोंगल घ्यायला हरकत नाही, पण त्याच्यावर निदान सोपवू नका. भारतात ओबीडी-टू, म्हणजे स्कॅनरला कोड सांगणारी गाडीतली प्रमाणित यंत्रणा, सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं २०१३ मध्ये. त्याआधीच्या गाडीत डोंगल किती दाखवेल हे गाडीवर अवलंबून. दाखवलंच तर पी०७०० हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची काहीतरी तक्रार आहे. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही. का जुळत नाही ते शोधणं बाकीच. डोंगलचा खरा उपयोग कूलंटचं तापमान बघायला. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, आणि इंजिन थंड आहे असं समजून कंट्रोलर वरचा गिअर किंवा लॉक-अप (कन्व्हर्टर इंजिनाशी थेट जोडला जाणं) देतच नाही. काहीशे रुपयांच्या थर्मोस्टॅटसाठी बॉक्स खोलला गेल्याचे किस्से गॅरेजवाले हसत सांगतात.

बिनखर्चाची एक चाचणीही आहे. साधारण साठ-सत्तरच्या वेगात, पाय हलका ठेवून चालवताना गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर, रेस तशीच ठेवून, दुसऱ्या पायानं ब्रेक अगदी हलका टेकवा. ब्रेकचा दिवा लागला की बऱ्याच गाड्यांत लॉक-अप सुटतं. थरथर तत्क्षणी थांबली तर संशय कन्व्हर्टरच्या लॉक-अपवर. तशीच राहिली तर आधी प्लग आणि कॉइल बघा. आणि कुणी म्हणालं "बॅटरी काढून परत लावून बघा" तर निदान होईपर्यंत ते करू नका. साठवलेले कोड आणि लर्निंग दोन्ही पुसलं जातं आणि पुढचा माणूस कोऱ्या पाटीवर काम करतो.

ड्युअल क्लच असेल तर मात्र मी बिनतक्रार सर्व्हिस सेंटरकडे झुकेन. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर टाकणारे वॉल्व्ह आणि कंट्रोलर एकत्र असलेला भाग), क्लचचं कॅलिब्रेशन, सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरशी बांधलेलं असतं. सीव्हीटीचंही थोडंफार तसंच. अनेक चांगले मिस्त्री स्वतःहून सांगतात की सीव्हीटीचं ऑईल बदलून देतो, पण खोलणार नाही. वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तर प्रश्नच नाही. पण वॉरंटी कधीच संपलेली टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी, आणि दोष कधीमधी येणारा, असं असेल तर मी आधी शेजारी बसायला तयार असलेला माणूस शोधीन. दोन्ही बाजूंना बरंच काही आहे, तुमच्या गावात कोण चांगला मिळतो यावरही खूप अवलंबून आहे, तरी.

माझ्या गाडीत कडाक्याच्या थंडीत अजून एखादा हलका धक्का जाणवतो. क्लच पिस्टनचे सील कडक झालेत, आणखी वाढलं तर बॉक्स उतरवू, असं मिस्त्रींचं मत. ऑईलचे डबे मात्र मी कंपनीच्या स्पेअर पार्ट काउंटरवरून सीलबंद आणतो आणि त्यांच्यासमोर ठेवतो. त्याला त्यांची ना नसते, उलट रिकामे डबे ठेवून घेतात.