अक्षरं हातात आहेत, शब्द सुचत नाही: वर्ड फाइंडर, पॅटर्न सर्च की पाठांतर?

'ही अक्षरं असलेला इंग्लिश शब्द हवाय' हे ऐकायला एकच काम वाटतं, पण त्यात तीन वेगळे प्रश्न लपलेत आणि बहुतेक जण एका प्रश्नाचं टूल दुसऱ्यालाच वापरतात, मग म्हणतात साइट बेकार आहे. हातातल्या सात अक्षरांतूनच शब्द करायचाय हा स्क्रॅबलचा प्रश्न. तिसरं अक्षर ए पक्कं, बाकीच्या जागा रिकाम्या, हा वर्डलचा (पाच अक्षरी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ) किंवा शब्दकोड्याचा. आणि क्यू नि झेड कुठेतरी हवेत, बाकी काहीही चालेल, हा तिसरा. आधी आपला प्रश्न कुठला ते ठरवा, टूल नंतर.

स्क्रॅबलवाल्यांसाठी अ‍ॅनाग्राम सॉल्व्हर, म्हणजे ज्याला सगळे वर्ड फाइंडर म्हणतात तो. आतली करामत साधी आहे, शब्दातली अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची, की लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल सगळ्यांचं एकच ई-आय-एल-एन-एस-टी होतं, मग शोधायला वेळ लागतोच कुठे. सातही टाइल्स, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या, एकदम लावल्या तर ५० पॉइंट बोनस असतो, आणि नेमके हेच लांब शब्द डोळ्याला दिसत नाहीत, तिथे हे टूल भारी. ब्लँक टाइल, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी कोरी, असेल तर बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्ह टाकायचं. पण दोन्ही ब्लँक एकदम टाकलेत तर यादी एवढी लांब येते की स्क्रोल करता करता डाव संपेल.

आता हाच सॉल्व्हर स्पेलिंग बीला, म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सच्या त्या शब्दखेळाला, लावून बघा, गंडतो. तिथे सात अक्षरं असतात, मधलं कंपल्सरी, शब्द किमान चार अक्षरी, पण एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं. सॉल्व्हर मात्र अक्षर म्हणजे टाइल समजतो, एकदा वापरली की संपली. सी, ओ, एन दिलं तर तो 'कॉन'वर थांबतो, 'कोकून' त्याला दिसतच नाही कारण त्यात दोन सी नि तीन ओ आहेत. त्यामुळे बीसाठी 'अक्षर रिपीट चालेल' असा पर्याय असलेलंच टूल घ्या. आणि तरी त्यातले काही शब्द गेम घेणार नाही, कारण तिथली यादी माणूस बसून निवडतो.

वर्डलला पॅटर्न सर्च. समजा पहिला शब्द 'क्रेन' टाकला, ए हिरवा झाला तिसऱ्या जागी (म्हणजे जागा बरोबर), आर पिवळा (शब्दात आहे, जागा चुकली), सी-एन-ई करडे, म्हणजे गेले. आता नुसतं 'ए आणि आर असलेले शब्द' शोधलंत तर ढीगभर येतील. पण तिसरा ए, आर दुसऱ्या जागी नाही, सी-एन-ई नकोत, एवढं भरता आलं की शार्प, स्मार्ट, स्टार्ट, बोर्ड, गार्ड, रोस्ट असे मोजके वापरातले शब्द वर येतात. गंमत बघा, यातले बोर्ड आणि रोस्ट मला स्वतःहून कधीच सुचत नाहीत, कारण आपण मनात उच्चार करतो आणि त्या उच्चारात ए ऐकूच येत नाही! म्हणून मी हल्ली अडकलो की पाच रेघा मारून बसतो, आवाज न करता. वनलुकसारख्या साइटवर माहीत नसलेल्या जागी प्रश्नचिन्ह आणि 'इथे कितीही अक्षरं' यासाठी स्टार टाकला की झालं, शब्दकोड्याला ते बेस्ट, पण पिवळ्या-करड्या अक्षरांसाठी वेगळे रकाने असलेला वर्डल सॉल्व्हरच सोयीचा. वर्डलच्या मूळ यादीत उत्तरं साधारण २,३०० होती, गेम स्वीकारायचा मात्र बारा हजारांच्या वर शब्द, त्यामुळे जे टूल सगळे एका ओळीत ओततं ते टाळा, नेहमीच्या वापरातले वर दाखवणारं घ्या.

कुठल्या डिक्शनरीवर टूल चालतं हे मी बघायचोच नाही, आणि मग एकदा चांगलाच तोंडावर पडलो. मित्राबरोबर बोर्डवर खेळत होतो, अमेरिकन यादी धरायची असं आधीच ठरलेलं. आदल्या दिवशी एका साइटवर झेड-ओ बघून ठेवला होता, झोकात लावला, झेडचेच दहा पॉइंट, वर डबल. मित्राने चॅलेंज केलं. शब्द कॉलिन्समध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये चालणाऱ्या स्क्रॅबलच्या यादीत आहे, अमेरिकन यादीत नाही. टाइल्स उचलल्या, टर्न गेली, आणि तो दात काढत बसला ते वेगळंच. तेव्हापासून साइट उघडली की आधी डिक्शनरीचा ड्रॉपडाउन बघतो, तो नसेल तर साइट बंद.

कॉम्प्युटरवर थोडंफार टाइप करता येणाऱ्यांना ग्रेप नावाची कमांड आवडेल, शब्दांची फाइल असली की वरचे तिन्ही प्रश्न, क्यू-झेडवाला तिसरासुद्धा, त्यात बसतात, जाहिराती नाहीत, नेट नको. फक्त मॅकमध्ये आधीपासून असलेली शब्दांची फाइल १९३४ च्या वेबस्टरवरून आलीये, त्यात अनेकवचनं जवळजवळ नाहीतच आणि कुणी न ऐकलेले जुने शब्द खच्चून भरलेत. एस लावून पॉइंट कमावणाऱ्याला ती काय कामाची.

चॅटबॉटला विचारू नका असं म्हणत नाही, पण तो अक्षरं वाचत नाही, शब्दांचे तुकडे वाचतो, म्हणून पाच अक्षरी मागितला की कधी कधी बिनधास्त सहा अक्षरी देतो. अर्थ विचारायला ठीक. छापील डिक्शनरी शब्दाची सुरुवात माहीत असेल तरच उपयोगाची.

खेळताना टूल चालत नाही, ती चीटिंगच, त्यामुळे बोर्डवर समोरासमोर खेळणाऱ्याने सॉल्व्हर डाव संपल्यावर उघडावा, आपल्या रॅकमध्ये (टाइल्स ठेवायच्या पट्टीवर) काय होतं ते बघायला, आणि बाकी पाठांतराला लागावं. पाठांतर म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची वर्ल्ड चॅम्पियनशिप फ्रेंच बोलता येत नसताना जिंकला, नुसती शब्दयादी पाठ करून. आपल्याला तेवढं नको. दोन अक्षरी शब्द अमेरिकन यादीत १०७ (२०१८ ची आवृत्ती), कॉलिन्समध्ये १२७ (२०१९ ची). त्यातले आधी महागडी अक्षरं खपवणारे घ्या: क्यू-आय, झेड-ए, जे-ओ, आणि एक्सचे पाच, म्हणजे ए, ई, ओ नंतर एक्स किंवा एक्सनंतर आय, यू. हे सगळे दोन्ही यादीत चालतात. क्यू-आय तर सोनं आहे, कारण अख्ख्या सेटमध्ये यू चारच असतात आणि ते नेमके समोरच्याकडे जातात. व्हीचं मात्र दोन अक्षरांत काहीच होत नाही, कुठल्याच यादीत, त्यामुळे तो रॅकवर आला की आधी त्याची विल्हेवाट लावा.