बुर्सा की इझमीर : इस्तंबूलनंतर कुठे जावं?

इस्तंबूल पाहून झालं, हाती दोन-तीन दिवस उरले, की बहुतेक प्रवासी कॅपाडोशियाकडे वळतात. पण शहर कशावर उभं राहिलं, तिथे काय बनतं, माल कुठून कुठे जातो, यात तुम्हाला रस असेल तर निवड बुर्सा आणि इझमीर यांच्यात करा. तुर्कस्तानातलं तिसरं मोठं शहर इझमीर आणि चौथं बुर्सा. स्वभावाने मात्र दोन्ही अगदी वेगळी.

वेळ फक्त दोन दिवसांचा असेल, तर माझं मत बुर्साला.

ऑटोमन सुलतान ओरहानने 1326 मध्ये हे शहर जिंकलं आणि ते ऑटोमन सत्तेची राजधानी झालं. त्याची आणि त्याचे वडील उस्मान यांची कबर तोफानेच्या टेकडीवर आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या वीस घुमटांच्या उलू जामी या मशिदीपासून काही पावलांवर 1491 सालचा कोझा हान, म्हणजे व्यापाऱ्यांची सराई, लागतो. कोझा म्हणजे रेशीमकोष. इथे कोषांची घाऊक खरेदी-विक्री चाले; आज वरच्या मजल्यावर रेशमी रुमालांची दुकानं आहेत आणि अंगणात झाडांखाली चहा मिळतो. एकोणिसाव्या शतकात इथल्या वाफेवरच्या गिरण्यांतलं सूत फ्रान्सला जाऊ लागलं. 1938 मध्ये तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्कच्या हस्ते मेरिनोस लोकर गिरणी सुरू झाली. मग 1971 मध्ये तोफाशच्या कारखान्यातून फियाटच्या आणि ओयाक-रेनोच्या कारखान्यातून रेनोच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. अलीकडे, 2022 मध्ये, जवळच गेमलिकला तोग या तुर्की विजेच्या मोटारीचा कारखाना उघडला.

हा सगळा प्रवास एका जागी पाहायचा तर तोफाशचं गाड्यांचं संग्रहालय चुकवू नका. ते एका जुन्या रेशीम गिरणीतच आहे. बैलगाड्या, घोड्यांचे रथ आणि कंपनीच्या पहिल्या मोटारी एकाच छपराखाली. शहराच्या रस्त्यांवर धावणारी ट्रामही बुर्सातच बनली आहे, आणि तिचं नाव आहे ‘रेशीमकिडा’. पाचशे वर्षांचा धंदा शहराने असा जिवंत ठेवलाय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

बुर्साची दुखरी बाजू म्हणजे रेल्वे. मुदान्या बंदराला जोडणारी छोटी लाइन 1892 मध्ये आली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला उखडली गेली. द्रुतगती रेल्वेचं भूमिपूजन 2012 मध्ये झालं, पण काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्यामुळे इस्तंबूलहून सोयीचा मार्ग समुद्राचाच: इस्तंबूलच्या एमिनोन्यू धक्क्यावरून बोटीने साधारण दोन तासांत मुदान्या, पुढे बस आणि बुर्सारे मेट्रो. रस्त्याने यायचं तर 2016 चा उस्मानगाझी पूल आहे.

इझमीरचं बळ नेमकं इथे आहे. अनातोलियातली पहिली रेल्वे इथूनच सुरू झाली. मेंदेरेस खोऱ्यातले अंजीर आणि कापूस उंटांच्या तांड्यांनी बंदरावर येत. ते लवकर आणि स्वस्त यावेत म्हणून ब्रिटिश कंपनीने 1856 मध्ये परवाना मिळवला. अल्सानजाक स्थानक 1858 चं, आणि रूळ आयदिनला पोचले ते 1866 मध्ये. स्थानकांच्या इमारतींचे आराखडे करायला आलेला इंग्रज जॉन टर्टल वुड पुढे एफेसस या प्राचीन शहरात उत्खनन करत बसला आणि 1869 मध्ये त्याला आर्टेमिसच्या मंदिराचा शोध लागला. आज त्याच जुन्या मार्गावरून इझबान ही उपनगरी गाडी एफेससजवळच्या सेल्चुकपर्यंत जाते. वाटेत तेपेकोयला गाडी बदलावी लागते. विमानतळही याच मार्गावर आहे. म्हणजे एफेसस पाहायला ना टॅक्सी लागते, ना सहल कंपनी. शिवाय मेट्रो आहे, ट्राम आहेत आणि खाडी ओलांडणाऱ्या बोटी आहेत. कोनाक ते कार्शियाका हा बोटीचा प्रवास संध्याकाळी करा.

इतिहासाच्या बाबतीत मात्र इझमीरकडे सावधपणे पाहा. केमेराल्तीचा बाजार, रोमन अगोरा (जुना बाजारचौक), 1901 चा घड्याळाचा मनोरा हे आहेच. पण सप्टेंबर 1922 च्या आगीत ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. ज्या कुलतुरपार्कमध्ये लोक आज फिरायला येतात, ते त्याच जळित भागावर 1936 मध्ये उभं राहिलं. हे माहीत नसेल तर शहर नुसतं मोकळं आणि आधुनिक वाटतं. उद्योग आहेत, पण ते पाहुण्याला दिसत नाहीत: तेलशुद्धीकरण आणि जहाजतोडणी उत्तरेला अलिआला चालते.

खाण्यावरून निवड करू नका, दोन्हीकडे चांगलंच मिळतं. इस्केंदर कबाबचं मूळ मात्र बुर्साचं.

गुडघे कुरकुरत असतील तर इझमीर बरं. बुर्सा उलूदा डोंगराच्या पायथ्याशी चढउतारावर वसलंय. जुलै-ऑगस्टमध्ये इझमीरला ऊन फार, तेव्हा बुर्साहून रोपवेने डोंगरावर जाता येतं. चार-पाच दिवस हाती असतील तर आधी बुर्सा करा, मग बसने इझमीरला जा आणि परतीचं विमान तिथूनच धरा. उलट दिशेने आलात तर शेवटी पुन्हा इस्तंबूल गाठावं लागतं.